काजवा नव्हे, चिलट! : केरोप्लॅटिडी कुळाची भावकी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, किंवा जे लोकलमध्ये इअरफोन विसरून चढलेत, त्यांच्यासाठी ही या एपिसोडची लिखित आवृत्ती. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे गाळलेत. बाकी बोलले तसंच ठेवलंय.

एक व्हिडिओ तुमच्याही फोनवर कधी ना कधी येऊन गेला असेल. मिट्ट काळोख, होडीतून सरकणारी माणसं आणि वर गुहेच्या छतावर हजारो निळसर ठिपके. जणू आभाळच खाली उतरलंय. जागा आहे न्यूझीलंडमधली वाइटोमो गुहा. असे व्हिडिओ मराठीत शेअर होतात तेव्हा कॅप्शन बहुतेक वेळा एकच असते : 'काजव्यांची गुहा'.

व्हिडिओ खरा आहे, उजेडही खरा आहे. फक्त ते काजवे नाहीत. काजवा हा भुंगेऱ्यांच्या गणातला, म्हणजे बीटल. आणि त्या छतावर लटकलेल्या आहेत एका माशीच्या अळ्या. माशी म्हणजे घरात भुणभुणणारी जाडजूड माशी नाही. डासासारखी लांब पायांची, नाजूक, ओल्या जंगलात राहणारी छोटी माशी. आपल्या भाषेत बोलायचं तर चिलट.

आता तुम्ही म्हणाल, बरं बाई, काजवा नाही तर चिलट. फरक काय पडतो? चमकतंय ना! आजचा एपिसोड याच प्रश्नावर आहे.

आधी घरातली चिलटं बघू

आपण 'चिलट' हा शब्द किती सढळ हाताने वापरतो बघा. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावतात ती चिलटं. बाथरूमच्या भिंतीवर पंख पसरून बसतात ती केसाळ, राखाडी, ती पण चिलटं. मनी प्लांटच्या कुंडीला पाणी घातलं की मातीतून उडतात ती बारीक काळी, ती पण चिलटंच.

प्रत्यक्षात ही तीन वेगळी कुळं आहेत. केळ्यावरची ड्रोसोफिलिडी, तिच्या अळ्या आंबणाऱ्या फळात वाढतात. बाथरूममधली सायकोडिडी, तिच्या अळ्या जाळीखाली, पाइपात साचलेल्या बुळबुळीत थरात. आणि कुंडीतली सायारिडी, तिच्या अळ्या ओल्या मातीतली बुरशी, कुजलेला पाला आणि कधीकधी कोवळी मुळं खातात.

मग उपायही वेगळे. कुंडीतल्या चिलटांसाठी तुम्ही फळांची टोपली कितीही झाका, उपयोग शून्य. तिथे मातीचा वरचा थर दोन पाण्यांच्या मध्ये सुकू द्यावा लागतो. बाथरूममध्ये स्प्रे मारून भागत नाही, पाइप आतून घासावा लागतो. म्हणजे योग्य कुळ कळलं की अळी कुठे आहे ते कळतं, आणि अळी कुठे आहे ते कळलं की काय करायचं ते कळतं. वर्गीकरण म्हणजे म्युझियममधल्या धूळ खाणाऱ्या चिठ्ठ्या, असं वाटत असेल तर ही तीन चिलटं लक्षात ठेवा.

कुंडीतली ही सायारिडी आणि वाइटोमोच्या छतावरची ती निळी अळी, या दोघी एकमेकींच्या लांबच्या बहिणी आहेत. दोन्ही कुळं 'सायारॉइडिया' नावाच्या मोठ्या घराण्यात येतात. या घराण्यातल्या बऱ्याच माशांना इंग्रजीत 'फंगस नॅट' म्हणतात, म्हणजे बुरशीवरची चिलटं. निळ्या अळीचं स्वतःचं कुळ आहे केरोप्लॅटिडी. जगभरात मिळून साधारण हजार स्पीशीजचं हे कुळ आहे.

पाटील सगळे, पण भावकी एक आहे का?

कुळ म्हणजे नेमकं काय, हे समजायला आपल्याकडे एक मस्त उदाहरण आहे. महाराष्ट्रात 'पाटील' आडनावाची माणसं किती! कोल्हापूरचे पाटील, जळगावचे पाटील, आगरी पाटील, मराठा पाटील. सगळे एकमेकांचे नातेवाईक का? अजिबात नाही. पाटीलकी हे मुळात गावचं काम होतं. ज्याच्याकडे ते काम, तो पाटील. वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या घराण्यांत एकच आडनाव स्वतंत्रपणे तयार झालं.

भावकी मात्र वेगळी गोष्ट. भावकी म्हणजे एकाच मूळ पुरुषाची सगळी लेकरं. तिथे आडनाव बदललं तरी नातं तुटत नाही, आणि आडनाव सारखं आहे म्हणून नातं जुळत नाही.

जीवशास्त्रात अगदी हाच घोळ होतो. 'चमकणं' हे एक काम आहे. काजव्याने ते केलं, चिलटाच्या अळीने केलं, काही बुरश्या करतात, समुद्रातले कितीतरी जीव करतात. चमकणारे सगळे एका कुळात टाकणं म्हणजे सगळे पाटील एका भावकीत टाकणं.

आडनावाकडून भावकीकडे जायचं कसं, याचा नियम विसाव्या शतकात एका जर्मन शास्त्रज्ञाने नीट मांडला. विली हेनिग त्याचं नाव, आणि तो स्वतः माशांचाच अभ्यासक होता. १९५० साली त्याचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : दोन जीव सारखे दिसतात एवढं पुरेसं नाही. ते सारखेपण कधीचं आहे ते विचारा. तुम्हाला आणि मला दोघांनाही दोन हात आहेत, यावरून आपण चुलत भावंडं ठरत नाही, कारण दोन हात सगळ्यांनाच आहेत. पण दोन घरांच्या देवघरात अगदी एकाच वेगळ्या घडणीचा, दुसरीकडे कुठेच न दिसणारा टाक असेल, तर मात्र विचारावंसं वाटतं, की तुमचं मूळ गाव कोणतं हो?

म्हणजे जुना, सगळ्यांकडे असलेला गुण पुरावा म्हणून कामाचा नाही. नवा, मोजक्यांकडेच असलेला आणि वारशाने आलेला गुण हा खरा पुरावा. आणि कुळ करायचं तर एका पूर्वजाची सगळी लेकरं आत हवीत. एखादी शाखा सोयीसाठी बाहेर ठेवायची नाही.

एका अळीची नावं

आता त्या निळ्या अळीकडे येऊ. न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांना ती आधीपासून माहीत होती, त्यांचं तिच्यासाठीचं नाव 'तितिवाई'. लेखी नोंद मात्र १८७१ मधली, थेम्स भागातल्या सोन्याच्या खाणीतून. तिथे आलेल्या युरोपियनांना आपल्या गावाकडचा 'ग्लोवर्म' माहीत होता. तो म्हणजे काजव्याच्याच कुळातला बीटल. अंधारात चमकणारी अळीसारखी वस्तू दिसली, झालं, तेच नाव चिकटलं. इंग्रजीत ते आजही आहे, आणि आपल्या 'काजव्यांच्या गुहे'चं मूळ तिथेच आहे.

१८८६ मध्ये क्राइस्टचर्चमधल्या एका शिक्षकाने दाखवून दिलं की ही बीटलची नाही, चिलटाची अळी आहे. त्याच काळात जॉर्ज हडसन हा वेलिंग्टनमधला पोस्टातला कर्मचारीही तिच्या मागे लागला होता. हा गडी शिफ्ट संपली की उरलेल्या उजेडात किडे गोळा करायचा. संध्याकाळी आणखी उजेड मिळावा म्हणून घड्याळं दोन तास पुढे करावीत, असा प्रस्ताव त्याने १८९५ मध्ये मांडला. आज अर्ध्या जगाला वैताग देणारं 'डेलाइट सेव्हिंग' सुचवणाऱ्या पहिल्या माणसांपैकी हा एक!

१८९१ मध्ये सिडनीच्या फ्रेडरिक स्क्यूज यांनी तिला शास्त्रीय नाव दिलं : बोलिटोफिला लुमिनोसा. बोलिटोफिला हा जीनस आधीपासून होता, बुरशीत राहणाऱ्या माशांचा. प्रौढ माशी त्यांच्यासारखी दिसत होती, म्हणून तिथे बसवली. (हे स्क्यूज आपल्यालाही परके नाहीत. डेंग्यू पसरवणाऱ्या टायगर मॉस्किटोला, म्हणजे पट्टेरी पायांच्या एडिस अल्बोपिक्टसला, १८९४ मध्ये त्यांनीच नाव दिलं, आणि तेही बंगालमधल्या डासांवरून.)

मग १९२४ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले फ्रेडरिक एडवर्ड्स म्हणाले, ही बोलिटोफिला नाही. हिला स्वतंत्र जीनस हवा. त्यांनी नाव ठेवलं अरॅक्नोकॅम्पा. ग्रीकमधून फोड केली तर 'कोळी-अळी'. नाव का शोभतं ते लगेच कळेल. आज या जीनसमध्ये नऊ स्पीशीज आहेत : एक न्यूझीलंडची, आठ ऑस्ट्रेलियातल्या.

मोठं कुळ फुटलं

पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, एडवर्ड्स यांनी ब्रिटनमधल्या फंगस नॅट्सवर मोठं काम प्रसिद्ध केलं. त्यात हा सगळा गोतावळा एकाच कुळात होता : मायसेटोफिलिडी. बुरशीवरची सगळी चिलटं एका छपराखाली, आत वेगवेगळी उपकुळं. एकत्र कुटुंबच म्हणा ना.

अडचण अशी, की 'बुरशीच्या आसपास राहणारी, डासासारखी, लांब पायांची' हे वर्णन पाटील आडनावासारखं आहे. त्यातले बरेच गुण जुने, म्हणजे या सगळ्यांच्याही आधीच्या पूर्वजाकडून आलेले. हेनिगचा नियम लावला की प्रश्न उभा राहतो : हे एकत्र कुटुंब खरंच एका पूर्वजाचं आहे, की बाकीच्या शाखा वेगळ्या काढल्यावर उरलेल्यांची मोट बांधलीय?

हळूहळू उपकुळांची स्वतंत्र कुळं झाली. बोलिटोफिलिडी वेगळी, डायडोसिडिडी वेगळी, डिटोमायिडी वेगळी, आणि आपली केरोप्लॅटिडीही वेगळी. मायसेटोफिलिडी उरली, पण आटोपशीर होऊन. 'आटोपशीर' म्हटलं तरी तिच्यात चार हजारांहून जास्त स्पीशीज आहेत.

केरोप्लॅटिडीचा 'टाक' कोणता? पंख भिंगाखाली धरा. माशीच्या पंखातल्या शिरा म्हणजे तिचा सात-बारा. कुठली शीर कुठून निघते, कुठे फुटते, कुठे जुळते, यावर वर्गीकरण करणारे तासन्‌तास घालवतात. केरोप्लॅटिडीत पंखातल्या दोन मुख्य शिरा एका जागी थोडं अंतर एकमेकींत मिसळून जातात आणि पुन्हा वेगळ्या होतात. दोन एसटी रस्ते एका फाट्यापासून पुढच्या फाट्यापर्यंत एकाच रस्त्याने जावेत, तसं. एवढीशी खूण, पण मोलाची.

दुसरी खूण अळीची. या कुळातल्या अळ्या रेशीम आणि चिकट द्रव यांचं जाळं विणतात. काही जण त्या जाळ्यात बुरशीचे बीजाणू, म्हणजे स्पोअर्स, गोळा करून खातात. झाडाच्या खोडावर फळीसारखी कडक बुरशी येते ना, तिच्या खालच्या बाजूला अशी पसरट जाळी असते. काही जण शिकारी. काहींच्या जाळ्यावरच्या थेंबांत ऑक्झॅलिक आम्ल असतं, त्याने लहान किडे मरतात. आणि टास्मानियातली एक प्लॅनॅरिव्होरा नावाची माशी तर जमिनीवरच्या चपट्या कृमींच्या शरीरात शिरून वाढते. एकाच कुळात बुरशी खाणारे, फासेपारध्यासारखे जाळं लावणारे आणि परजीवी, सगळे. धंद्यावरून भावकी ठरवली असती तर हे कधीच एकत्र आले नसते.

एकाच घरात दोन दिवे

आता मुख्य गंमत. अरॅक्नोकॅम्पाची अळी छताला रेशमाची नळी बांधून तिच्यात राहते. तिथून खाली डझनावारी रेशमी धागे सोडते, प्रत्येकावर चिकट थेंबांची माळ. गुहेत वारा नसतो तिथे हे धागे ३०-४० सेंटीमीटरपर्यंत लांब होतात. शेपटाच्या टोकाला निळा-हिरवा दिवा लागतो. नदीतून उडालेलं चिलट उजेडाकडे येतं, धाग्यात अडकतं, आणि अळी धागा ओढून घेते. म्हणजे आपण ज्याला तारांगण म्हणतो, तो खरंतर गळ टाकून बसलेला कोळीवाडा आहे!

हा दिवा येतो कुठून? किड्यांत किडनीसारखं काम करणाऱ्या बारीक नळ्या असतात. अरॅक्नोकॅम्पात त्या नळ्यांची टोकं दिव्यात बदललीत.

आता अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगररांगांत या. तिथे ओढ्याकाठच्या शेवाळात ऑर्फेलिया फुल्टोनी नावाची अळी राहते, हीसुद्धा केरोप्लॅटिडी, हीसुद्धा जाळं विणणारी, हीसुद्धा निळी चमकणारी. आतापर्यंत माहीत असलेल्या चमकत्या किड्यांत सगळ्यात जास्त निळा उजेड हिचाच. पण हिचा दिवा किडनीच्या नळ्यांत नाही. तो वेगळ्याच काळ्या पेशींत आहे आणि शरीराच्या दोन्ही टोकांकडे आहे. रसायनही वेगळं. अरॅक्नोकॅम्पाच्या दिव्याला एटीपी, म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन, लागतं. ऑर्फेलियाच्या दिव्याला लागत नाही.

आणि काजवा? त्याचा दिवाही एटीपीवर चालतो, त्याचं एन्झाइम अरॅक्नोकॅम्पाच्या एन्झाइमच्या लांबच्या घराण्यातलं आहे. पण जळणारं तेल, म्हणजे ल्युसिफेरिन, वेगळं. अरॅक्नोकॅम्पाच्या ल्युसिफेरिनची रचना २०१८ मध्ये समोर आली आणि ती काजव्याच्या ल्युसिफेरिनशी जुळत नाही.

याचा अर्थ काय काढायचा? एकाच कुळात दोन वेगळे दिवे, वेगळ्या अवयवांत, वेगळ्या रसायनांवर. म्हणजे उजेड हा या कुळाला एका पूर्वजाकडून आलेला वारसा मानणं कठीण आहे. तो स्वतंत्रपणे पेटला, असं मानायला चांगली कारणं आहेत. जो गुण आपल्याला सगळ्यात आधी दिसतो, ज्याच्यामुळे व्हिडिओ व्हायरल होतो, तोच नातं सांगायला सगळ्यात कुचकामी. आणि नातं सांगतात त्या पंखातल्या दोन शिरा, ज्यांचा व्हिडिओ कुणीच काढत नाही.

कहाणी अजून चालूच आहे. २०१९ मध्ये ब्राझीलच्या अटलांटिक जंगलातून निओसेरोप्लॅटस बेटारिएन्सिस ही निळी चमकणारी नवी केरोप्लॅटिडी वर्णन केली गेली.

मग फरक काय पडतो?

आता सुरुवातीचा प्रश्न. समजा वाइटोमो सांभाळणाऱ्यांना वाटलं असतं की हे काजवेच आहेत. काजव्यांचा उजेड हा जोडीदाराला इशारा असतो. मे-जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडीकडे काजवे बघायला गेलात तर टॉर्च बंद ठेवा असं सांगतात, ते म्हणूनच. तो थोड्या आठवड्यांचा सोहळा असतो. तेवढे दिवस त्यांना शांतपणे जुळू द्यायचं.

पण अरॅक्नोकॅम्पाचं आयुष्य उलटं आहे. उजेड मुख्यतः अळीचा, आणि तो जेवणासाठी. अळी म्हणून ती सहा महिने ते वर्षभर जगते. प्रौढ माशी झाली की काही खात नाही आणि थोड्याच दिवसांत मरते. म्हणजे तिथे जपायचा 'सीझन' नाही, वर्षभराचं जेवणाचं ताट आहे. त्या ताटात येतात नदीतले किडे, म्हणून गुहेबाहेरची नदी आणि तिच्या वरच्या अंगाचं जंगल जपावं लागतं. धाग्यांवरचे थेंब सुकले की गळ संपला, म्हणून गुहेतली ओल जपावी लागते. वाइटोमोत वरच्या तोंडाला दार आहे, आणि ते कधी उघडं ठेवायचं, कधी बंद, हे हवेचा प्रवाह बघून ठरवतात. माणसांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरही लक्ष ठेवतात.

यावर माणसांची पोटं चालतात हेही विसरू नका. १८८७ मध्ये माओरी प्रमुख ताने तिनोराऊ आणि इंग्रज सर्व्हेअर फ्रेड मेस तराफ्यावरून या गुहेत शिरले. १८८९ पासून पर्यटक येऊ लागले. १९०६ मध्ये सरकारने ताबा घेतला आणि १९८९ मध्ये ती मूळ मालकांच्या वंशजांकडे परत आली. आज त्यांचा रोजगार एका चिलटाच्या अळीवर टिकलाय. तिचं कुळ, तिची अळी, तिचं जेवण नीट ओळखणं ही तिथे हौस नाही, घर चालवण्याची गोष्ट आहे.

आणि आपल्याकडे?

भारतातल्या या माशांवर जुनं महत्त्वाचं पुस्तक १९१२ चं आहे, 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेतलं. लेखक एनरिको ब्रुनेटी. गंमत म्हणजे हे गृहस्थ पेशाने संगीतकार होते, कोलकात्यात राहायचे आणि उरलेल्या वेळात माशा बघायचे. त्यांच्या काळात अर्थातच केरोप्लॅटिडी, मायसेटोफिलिडी सगळी एकत्र कुटुंबात होती.

आपण शोधलं तर किती सापडेल, याचा अंदाज सिंगापूरवरून येतो. तिथे अलीकडे अभ्यासकांनी डीएनए आणि शरीररचना दोन्ही वापरून मायसेटोफिलिडी तपासली. ७३० चौरस किलोमीटरच्या त्या देशातून ११५ नव्या स्पीशीज निघाल्या! मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढं होतं, त्याहून थोडीशीच मोठी जागा. तीही दाटीवाटीची, काँक्रीटची. मग आंबोली, कोयना, भीमाशंकरच्या पावसाळी रानाचा विचार करा.

बघायचं असेल तर पावसाळ्यात जंगलात पडलेल्या ओंडक्यांच्या खालच्या ओल्या बाजूला, फळीसारख्या बुरशीच्या पोटाशी, दगडांच्या कपारीत नजर टाका. बारीक थेंबांनी मढलेलं पसरट जाळं आणि त्यात सरकणारी अर्धपारदर्शक अळी दिसली, पण कोळी कुठेच नाही, तर थांबा. जाळं मोडू नका, ओंडका उलटला असेल तर पुन्हा तसाच ठेवा. बाहेर कुठे प्रौढ माशी पंख मिटून बसली असेल तर फोनची मॅक्रो लेन्स लावून पंखाचा फोटो घ्या, शिरा दिसतील असा. आयनॅचरलिस्टवर टाका, जागा आणि तारीख घालून. अभयारण्यात असाल तर पकडापकडी अजिबात नको, त्याला वनखात्याची परवानगी लागते.

आणि तो व्हिडिओ पुन्हा कुणी 'काजव्यांची गुहा' म्हणून पाठवला, तर भांडू नका. एवढंच लिहा : 'आडनाव सारखं दिसतंय, पण भावकी वेगळी आहे.' मग समोरचा विचारेलच, म्हणजे काय? तेव्हा त्याला हा एपिसोड पाठवा!

तुमच्या कुंडीतली, बाथरूममधली, रानातली चिलटं कोणत्या कुळातली वाटतात, ते कमेंटमध्ये सांगा. फोटो असेल तर उत्तम, पंख दिसत असेल तर अतिउत्तम. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर डोळे उघडे ठेवा, आणि कुंडीला पाणी बेताने घाला!